आसवांच्या नव्हेत, तेला-अत्तराच्याच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रोमन थडग्यांत सापडणाऱ्या फुंकीव काचेच्या कुप्यांना मी ‘प्रसाधनाच्या कुप्या’ म्हटलं, ते तुम्हाला खटकलं. त्यांत शोक करणारे आसवं साठवत, बायबलातही तसं आहे आणि मी त्यातलं दुःखच काढून टाकलं, असं तुम्ही म्हणता.

आधी माझी चूक. काचेवरची मोरपंखी झळाळी मी कारागिराची करामत ठरवली होती. तुम्ही ती चूक बरोबर पकडलीत. शतकानुशतकं ओल्या मातीत राहिल्यानं काचेला बारीक पापुद्रे सुटतात, त्यांची ती झाक. नवी असताना साधी कुपी निळसर-हिरवी दिसे, वाळूतल्या लोहामुळे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आसवांचं मात्र पटत नाही. बायबलातल्या छप्पन्नाव्या स्तोत्रात आसवं ठेवायला सांगितलंय ती चामड्याची बुधली. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच तो. नळीनं काच फुंकायची कला तर इ. स. पू. पहिल्या शतकात, सिरिया-पॅलेस्टाइनच्या भागात निघाली. स्तोत्र त्याच्या कितीतरी आधीचं.

शिवाय कुपी नीट बघा. लांबुडका, अरुंद गळा आणि वर बाहेर वळवलेला काठ. गालावरचा थेंब यात धरायचा कसा? तेल मात्र थेंबाथेंबानं ओतता येतं आणि सुगंधही लवकर उडत नाही. तपासलेल्या काही कुप्यांत तेला-चरबीचे अंश मिळालेत. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात तर त्या राहत्या घरांतही सापडल्या. उत्तर इटलीत पक्ष्याच्या आकाराच्या कुप्या होत : आत प्रसाधनाची पूड भरायची, शेपटीचं टोक आचेवर वितळवून बंद करायचं आणि वापरताना ते मोडायचं. किती सुंदर कल्पना! फुंकण्यानं काच स्वस्तही झाली. रोममध्ये एका तांब्याच्या नाण्याला काचेचा पेला मिळतो, असं त्या काळच्या स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलंय.

राहिलं दुःख. ते माझ्या लेखात आलं नाही, हे खरं. पहिल्या शतकातले रोमन बहुधा दहन करत, चितेवर आणि अस्थींवर सुगंधी तेलं ओतत. म्हणून राखेत अशा कुप्या मिळतात, गळा एका बाजूला कललेला, पोट आत बसून चिकटलेलं. तेल ओतून झाल्यावर कुणीतरी रिकामी कुपीही चितेवरच ठेवली होती.