केनियातली जंताची गोळी खरंच ‘खोटी ठरली’ का?

“आफ्रिकेतल्या शाळांत जंताच्या गोळ्या वाटण्याचा खटाटोप फसला, हे आता शास्त्रज्ञांनीच मान्य केलंय. केनियातला अभ्यास खोटा निघाला. पोरांना जंत पुन्हा होतातच, त्यापेक्षा हात धुवायला शिकवा. हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे.” अशा आशयाचा मजकूर बरेच दिवस फिरतोय. शिकलेली, भल्या मनाची माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी केनिया. पश्चिम केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळा निवडून १९९८ पासून टप्प्याटप्प्याने मुलांना गोळ्या दिल्या गेल्या. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये निष्कर्ष छापले : शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. परीक्षेतले गुण वाढले नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. २०१५ मध्ये लंडनच्या काही संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. हिशेबात चुका सापडल्या. गोळी न घेतलेल्या, काही किलोमीटर दूरच्या शाळांनाही फायदा झाला, हा मूळ अभ्यासातला दावा त्यामुळे टिकला नाही. हजेरीच्या आकड्यांचं विश्लेषण कसं करावं यावरही मतभेद झाले. पण ज्या शाळांत गोळ्या दिल्या तिथे हजेरी सुधारल्याचं मूळ पद्धतीने केलेल्या फेरमोजणीतही दिसलं. चुका सापडणं आणि अभ्यास खोटा असणं यात फार अंतर आहे. त्याच मुलांचा २० वर्षांनी माग काढला, तेव्हा ज्यांना दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळाल्या होत्या त्यांचा घरखर्च सुमारे १४ टक्के अधिक निघाला. या आकड्यावरही अर्थशास्त्रज्ञ भांडतात, आणि एकाच अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये हे मलाही पटतं.

मग ‘शास्त्रज्ञांनी मान्य केलं’ म्हणजे नेमकं काय? सरसकट सगळ्या मुलांना गोळी दिली तर सरासरी वजन, हिमोग्लोबिन, शाळेतले गुण यांत फारसा फरक पडत नाही, असं कोक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात म्हटलंय, हे खरं आहे. पण सरासरी इथे दगा देते. जंत वर्गात सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांच्या पोटात थोडेच असतात, काहींच्या अजिबात नसतात, आणि मोजक्या मुलांच्या आतड्यात बाकीच्यांच्या कितीतरी पट. त्या मोजक्यांचा फायदा सगळ्या वर्गात वाटला की दिसेनासा होतो. जंत असल्याचं तपासून मगच औषध दिलेल्या मुलांचं वजन वाढू शकतं, हेही त्याच आढाव्यात आहे. ते वाक्य मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

दुसरं म्हणजे, हा वाद मुख्यतः आतड्यातल्या जंतांचा आहे. आफ्रिकेत त्याच्या जोडीला शिस्टोसोमियासिस, म्हणजे बिल्हार्झिया असतो. त्याचे ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण त्याच खंडात आहेत. त्याचे कृमी रक्तवाहिन्यांत राहतात. एका प्रकारात अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुततात आणि लघवीतून रक्त जातं. काही नदीकाठच्या गावांत ते इतकं सर्रास होतं की मुलगा वयात आल्याची ती खूण समजली जाई. मुलींच्या जननेंद्रियांत त्याच अंड्यांमुळे जखमा होतात आणि पुढे एचआयव्हीचा धोकाही वाढतो. यावरची गोळी वेगळी, प्राझिक्वांटेल. शाळेत वजनकाटा नसेल तर मुलाला खुणा केलेल्या काठीशेजारी उभं करून उंचीवरून किती गोळ्या ते ठरवतात.

‘हात धुवा’ हा सल्ला चांगलाच आहे, पण तो गोलकृमीसाठी, कारण त्याची अंडी तोंडावाटे जातात. हुकवर्म या आतड्यातल्या दुसऱ्या जंताची अळी अनवाणी पायातून शिरते. बिल्हार्झियाची अळी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडते आणि पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या कातडीतून आत जाते. तळ्यावर पाणी भरायला जाणाऱ्या मुलीने साबणाने हात धुतले तरी तिचे पाय पाण्यातच असतात. (आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात याच प्रकारच्या रोगाची नोंद झाली होती, तेव्हा हे कोकणालाही अगदीच परकं नाही.)

कंपन्यांच्या धंद्याचं थोडक्यात : शाळांत वाटायच्या या गोळ्या बहुतांशी उत्पादक कंपन्या जागतिक आरोग्य संघटनेमार्फत फुकट देतात.

पुन्हा जंत होतात, हा मुद्दा मात्र खरा आहे. संडास आणि स्वच्छ पाणी नसेल तर वर्षभरात गोलकृमी जवळपास पहिल्याइतके पसरतात. चाबूककृमी या आतड्यातल्या आणखी एका जंतावर तर अल्बेंडाझोलची, म्हणजे नेहमीच्या जंताच्या औषधाची, एक गोळी फारशी चालतही नाही. म्हणूनच गोळी दरवर्षी, काही ठिकाणी वर्षातून दोनदा द्यावी लागते. पण संडास बांधून होईपर्यंत ज्या मुलीचं रक्त आज जातंय तिने थांबायचं, असा त्याचा अर्थ मी तरी काढणार नाही. शाळेत न जाणारी लहान पोरंही आईबरोबर त्याच तळ्यात उतरतात. त्यांच्यासाठी पाण्यात विरघळणारं प्राझिक्वांटेल आत्ता कुठे, २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यताप्राप्त यादीत आलं. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने या रोगांसाठीची आपली मदत गुंडाळली. फुकट मिळालेली गोळीसुद्धा बंदरापासून खेड्यातल्या शाळेपर्यंत न्यायला गाडी, डिझेल आणि माणूस लागतो.