देवाच्या वचनावर भिस्त ठेवायला नको का?
चर्चमधली उपस्थिती घटते आहे म्हणून ख्रिस्ती मंडळीने आधी उपासनेचे स्वरूप बदलावे, उपदेश आखूड करावा, असे एका लेखात वाचले; ते म्हणणे मला पटले नाही. मार्च 1522 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला लोक चर्चमध्ये जबरदस्तीने सुधारणा लादू लागले होते. धर्मसुधारक मार्टिन लूथर तिथे परतले आणि सलग 8 दिवस फक्त उपदेश करत राहिले. मी देवाचे वचन शिकवले, लिहिले, बाकी सारे वचनानेच केले, असे ते त्या उपदेशांत सांगतात. लूथरच्या अनुयायांनी 1530 मध्ये मांडलेल्या ऑग्सबर्ग विश्वासकबुलीचे पाचवे कलमही हेच म्हणते: वचन आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार यांच्याद्वारे पवित्र आत्मा विश्वास उत्पन्न करतो, देवाला वाटेल तेव्हा आणि वाटेल तिथे. विश्वास उत्पन्न करणे पाळकांच्या हाती नाही, तेव्हा त्यांच्या खांद्यावरचे केवढे ओझे इथे उतरते!

म्हणून स्वस्थ बसावे असे नाही. ऐकल्यावाचून विश्वास कसा ठेवतील, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात विचारतोच. आणि हे काम एकट्या व्यासपीठाचे नाही. आजाऱ्याच्या उशाशी, शोकात बुडालेल्या घरी, मुलांना लूथरची लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची मूलतत्त्वे सांगणारी पुस्तिका, शिकवताना, ख्रिस्तामुळे तुला क्षमा आहे हे सरळ बोलायला हवे. कमी पडत असेल तर ते हेच, असे मला मनापासून वाटते. लेखकाने यावर जरूर लिहावे.