रिक्षाच्या मागची ओळ

परवा नगरच्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो एका ओळीवरून. आमच्यातल्या रिक्षावाल्याने नवी रिक्षा घेतली आणि मागे ठळक अक्षरांत रंगवून घेतलं, ‘येशू माझा तारणारा’. स्टँडवर कुणीतरी त्याला सांगितलं, पुसून टाक, दिवस बरे नाहीत. त्याने कट्ट्यावर विचारलं, "काय करू?"

बँकेतून रिटायर झालेले दादा चर्चमधले जुने सभासद. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "पूस. श्रद्धा घरात असावी, चर्चमध्ये असावी. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण 1 टक्काही भरलो नाही. पंडिता रमाबाईंचं काय झालं आठवतं ना? विधवा-मुलींसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून 1893 साली पुण्यात केवढा गहजब! रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या."

मी म्हणालो, "दादा, पण रमाबाई करत काय होत्या? स्वतःच्या खोलीत प्रार्थना. फक्त दार लावून घेत नव्हत्या. मुली आपणहून येऊन बसायच्या. एवढा गदारोळ झाला तरी त्यांनी दार लावलं नाही. पुढे केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती सदन उभं राहिलं ते त्याच बाईच्या हातून."

आमचा वारकरी मित्र इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, कपाळाला बुक्का आहे. मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही, घालू का म्हणून. याला एका ओळीसाठी विचारावं लागतं, हे काही बरोबर नाही. पण एक सांगतो, राग मानू नका. तुमच्यातले काही जण स्टेजवर उभे राहून आमच्या देवाला नावं ठेवतात, तेल लावून आजार बरा करतो म्हणतात. तेव्हा डोकं फिरतं."

यावर मला काहीही सारवासारव करायची नव्हती. त्याचं म्हणणं खरं आहे आणि आम्ही ते आमच्या लोकांना तोंडावर सांगायला हवं. साक्ष द्यायची ती आपल्या आयुष्यात काय घडलं त्याची. माझ्या तारणाऱ्याबद्दल बोलताना त्याच्या विठोबाबद्दल उणा शब्द काढायची गरजच काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी काही वर्षं संसार दुभंगला, लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. तरी त्यांनी भजनं लिहिली ती अभंगाच्या वळणाची, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत ती आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. शेवटी 1917 साली मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. अशा माणसाला कोण म्हणणार पैशासाठी बोलतो?

वकील म्हणाला, "कायद्याचं विचाराल तर घटनेचं 25 वं कलम आहे. धर्म उघडपणे मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं 1977 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं. पण रिक्षावरची ओळ कुणाचं धर्मांतर करते?"

मग बोलला तो आमच्यातला सगळ्यात तरुण. जिल्ह्यातल्याच खेड्यातला, आजोबांपासून ख्रिस्ती.

"तुम्ही रिक्षाचं बोलता. मला दाखल्यावर लिहिता येत नाही. घरी रोज प्रार्थना, रविवारी उपासना, आणि कागदावर आम्ही हिंदू. लिहिलं तर अनुसूचित जातीची सवलत गेली. बहिणीची कॉलेजची फी कशी भरायची?"

दादा हळूच म्हणाले, "म्हणजे खोटंच ना ते."

मला हे सहन झालं नाही. 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश काय म्हणतो? हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत धरायचं नाही. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. धर्म बदलला म्हणून गावाने याच्या आजोबांना वेगळं वागवलं का? वस्ती तीच राहिली, जातही तीच चिकटून राहिली, गेली ती फक्त सवलत. अशा पोराच्या गप्प राहण्याला खोटेपणा म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. त्याचं तोंड कायद्याने बांधलंय.

"दादा," मी म्हणालो, "तुमची पेन्शन चालू आहे. तुमचा दाखला आता कोणी मागत नाही. माझंही तसंच. ज्यांचं बोलून काही जाणार नाही ते आपणच घरात बसलो, तर मग रिक्षावाल्याने आणि या पोराने बोलायचं?"

"मी बोललो म्हणून याला सवलत मिळणार आहे का?" दादा चिडले.

"लगेच नाही मिळणार. केंद्राने 2022 साली याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्याच्यापुढे म्हणणं मांडायला आपल्या मंडळीतून किती जण गेले?"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. वारकरी म्हणाला, "निवेदन लिहा. ख्रिस्ती नसलेल्याची सही चालत असेल तर माझी घ्या."

वकील मजकूर लिहिणार आहे. रविवारी उपासनेनंतर तो पाळकांपुढे आणि मंडळीपुढे वाचायचा ठरलाय. दादांनी हो म्हटलेलं नाही, पण घरी जाताना म्हणाले, "आधी मला दाखवा. मराठी नीट असलं पाहिजे."