नव्व्याण्णव टक्क्यांचा गारवा

लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावू लागला की घरचे विचारतात, "एवढं काय जड काम चाललंय?" चाललेलं असतं वीजबिल भरणं. ब्राउझरने पान उघडताना क्षणभर जोर मागितला, आणि प्रोसेसरने तो जरा मनापासूनच दिला.

इंटेलचा आय५-८२५०यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर घ्या. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ; टर्बो, म्हणजे गरज पडली की थोडा वेळ घेतलेला जादा वेग, ३.४. कागदावर १५ वॉट; टर्बो चढला की तो आकडा काही वेळ कागदावरच राहतो. नुसता वेग वाढून भागलं असतं तर हरकत नव्हती, पण वेगासोबत व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि उष्णतेच्या हिशोबात त्याचा वर्ग धरतात. उलट वेग ३० टक्के उतरवला आणि व्होल्टेज २० टक्के उतरलं, तर ०.७ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.४५. उष्णता निम्म्याहून कमी! शेवटचे काही मेगाहर्ट्झ असे महागात पडतात.

विंडोजने यावरचा उतारा पार तळघरात ठेवलाय: पॉवर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट. (काही नव्या लॅपटॉपवर ही ओळच गायब असते.) तिथे १०० चे ९९ करा, बॅटरी आणि प्लग्ड इन दोन्हीकडे. एका टक्क्याने काय होतंय? इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपवर टर्बोच बंद होतो. पत्रं लिहायला उत्तम. व्हिडिओ एडिट करणाऱ्याने मात्र सोबत कादंबरी घेऊन बसावं.

लिनक्सवर मधला मार्ग आहे: सीपीयूपॉवर नावाच्या कमांडने कमाल वेग २.४ गिगाहर्ट्झवर बांधा. रीस्टार्ट केलं की मर्यादा उडते, म्हणून ती बूटच्या वेळी लावायची सोय करा. वेग कधी किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या नियमाला लिनक्स गव्हर्नर म्हणतं; त्यातल्या 'पॉवरसेव्ह'ची गंमत वेगळीच. प्रोसेसरचा वेग हाताळणारा ड्रायव्हर 'इंटेल पी-स्टेट' असेल तर तो गरजेप्रमाणे वेग वाढवतो. जुन्या एसीपीआय ड्रायव्हरवर किमान वेगालाच चिकटून बसतो. शेजाऱ्याचा सल्ला ऐकण्याआधी आपला ड्रायव्हर बघा.

खोलीचं तापमानही चिपच्या डोक्यावर बसतं. २५ अंशांच्या खोलीत ८० वर चालणारी चिप नागपूरच्या मे महिन्यात, ४२ च्या खोलीत, ९७ च्या घरात जाते. १०० ला बहुतेक इंटेल चिपा स्वतःच वेग पाडतात. मग पंखाही बोंबलतो आणि कामही रखडतं.

एवढं करूनही तापला तर जाळीत धूळ आहे. लॅपटॉप बंद करून हवा मारा, पण पंख्याचं पातं काडीने धरून. नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंगचं मातेरं होतं.