‘आशा विकतात’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. मेंदूतला दाह (इन्फ्लमेशन) आणि डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू जाणं) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली, मग झोप काही लागली नाही, म्हणून सकाळी पहिलं हेच लिहायला बसले. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की मी दाहाचं फार मोठं केलं, दाह कमी करणाऱ्या गोळ्या ट्रायलमध्ये (माणसांवरच्या चाचण्यांत) फेल गेल्या ते सांगितलं नाही, जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि हळदीतल्या करक्युमिनचं उगाच कौतुक केलं, एक आकडा जुना दिला, आणि शेवटी हे वाक्य: "तुमच्यासारखी माणसं हतबल घरांना आशा विकतात."

आकड्याचं तुमचं बरोबर आहे. डिमेन्शियाचे १२ धोके आणि टाळता येण्यासारख्या ४० टक्के केसेस हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशनच्या २०२० च्या अहवालातलं होतं. २०२४ च्या अहवालात १४ धोके आहेत आणि साधारण ४५ टक्के केसेस टाळता किंवा पुढे ढकलता येतील असं म्हटलंय, वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि नजर कमी होऊन उपचार न होणं हे दोन त्यात नवीन आले. दुरुस्त केलंय, चूक ती चूक.

पण "विकतात"? काय विकलं हो मी? लेखात एका तरी बाटलीचं नाव आहे का, कुठली लिंक आहे का, एका पैशाचा तरी संबंध आहे का? मुद्दा खोडायचा तर खोडा ना, माणसाच्या हेतूवर कशाला जायचं? आणि "हतबल घर" इतक्या सहज लिहिलंत, ते घर आतून बघितलंय कधी? आईच्या डिमेन्शियात मी नऊ वर्षं बघितलं. सुरुवातीला एका डॉक्टरांनी "वयामुळे होतंच" म्हणून परत पाठवलं, बी-१२ नाही बघितलं, थायरॉइड नाही बघितलं, त्या साध्या तपासण्या व्हायला पुढे आठ महिने गेले.

संध्याकाळचे पाच वाजले की आई बॅग भरायला घ्यायची. मला घरी जायचंय म्हणायची, स्वतःच्याच घरात उभी राहून. बॅगेत काय, तर एक टॉवेल, चष्म्याची रिकामी केस आणि टीव्हीचा रिमोट. समजावून सांगितलं की अजून चिडायची. मग मी तिच्यासमोर बसून तिचा हात हातात घ्यायचे, तळव्यापासून बोटांपर्यंत हळूहळू तेल चोळायचे आणि तिच्या आवडीचं गाणं गुणगुणायचे. पंधराएक मिनिटांत तिचे वर ओढलेले खांदे खाली यायचे. माझं नाव तिला येत नव्हतं, पण मी गाण्यातला शब्द चुकवला की लगेच दुरुस्त करायची. याने आजार बरा होतो असं मी कुठे लिहिलंय दाखवा. संगीतावरच्या ट्रायल एकत्र करून बघितल्या तरी उदासी कमी होते एवढंच निघतं, स्मरणशक्ती परत येत नाही, आणि मीही तेवढंच लिहिलं होतं. त्या रात्री ती शांत झोपायची. याला विकणं म्हणतात?

आता दाह. ज्यांच्या नावाने डिमेन्शियाचा अल्झायमर हा प्रकार ओळखला जातो त्या डॉ. अल्झायमर यांच्या १९०७ च्या टिपणातच ग्लिया, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींमधल्या बदलांची नोंद आहे, म्हणजे ही काही कालची फॅशन नाही. ट्रेम-२ या जीनमधल्या एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका तिपटीच्या आसपास जातो हे २०१२ च्या शेवटी पुढे आलं, आणि हा जीन मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियात चालतो, म्हणजे साफसफाई आणि संरक्षण करणाऱ्या पेशींत. आणि माझ्या घरातलं सांगू? आईला लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप जेमतेम, पण दोन दिवसांत ती कुणालाच ओळखेना, भिंतीशी बोलायला लागली. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर आठवडाभरात बरीचशी पूर्ववत झाली. तो डिलिरियम होता, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला गोंधळ, डिमेन्शिया वेगळा, हे मला शिकवू नका. पण शरीरात कुठेतरी पेटलेलं मेंदूपर्यंत पोचतं हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्याला तुम्ही "कल्पनाविलास" म्हणता.

नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाह कमी करणाऱ्या गोळ्यांच्या ट्रायलमध्ये २००४ साली गोळ्या थांबवल्या आणि त्यांनी डिमेन्शिया टळला नाही हे मला ठाऊक आहे. ती गोळी चालली नाही म्हणून दाहच खोटा ठरत नाही. जिंकोचं २००८ चं, तीन हजारांवर लोकांचं ट्रायलसुद्धा ठाऊक आहे, प्रतिबंध झाला नाही, मान्य. पण जिंकोवर माझ्या दोन ओळी होत्या आणि तुम्ही त्यावर अर्धी प्रतिक्रिया घालवलीत. करक्युमिन रक्तात नीट उतरत नाही वगैरे, त्यात आत्ता शिरत नाही.

जिंकोवरच्या त्या दोन ओळी मी काढणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिंको घेऊ नका, ही त्यांच्याच खालची ओळ बहुतेक तुम्ही वाचली नाहीत, ती आता ठळक केली आहे. तुमची प्रतिक्रिया डिलीट करणार नाही, राहू दे तिथेच. फक्त ते शेवटचं वाक्य तुम्ही मागे घ्यावं असं मला मनापासून वाटतं.