मातीच्या वासाचं पाणी आणि एक चुकीचा मेसेज

दांडिया बाजार, वडोदरा इथल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'नळाच्या पाण्याला मातीचा वास आला म्हणजे त्यात गटार मिसळलं, वास नसेल तर पाणी बिनधास्त प्या.' यातली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. दुसरं तर धोक्याचं.

मातीचा वास बहुधा जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. पहिल्या पावसाला जो सुगंध येतो, तोच हा. जमिनीत तो स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू बनवतात, तलावात नील-हरित जिवाणू. लिटरमागे दहाएक नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम) असलं तरी आपल्या नाकाला कळतं. पाण्यात सापडतं तेवढं जिओस्मिन विषारी नसतं. मात्र काही नील-हरित जिवाणू विषंही तयार करतात, तेव्हा असा वास टिकला तर पालिकेला जरूर कळवा.

मैल्यातल्या जिवाणूंना असा ठरलेला वास नसतो. ते ओळखायला प्रयोगशाळेत पाणी गाळून तो गाळणकागद पोषक माध्यमाच्या ताटलीवर ठेवतात आणि उबवून वसाहती मोजतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिली पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जिवाणू सापडताच कामा नये. निसर्गातले बहुतेक सूक्ष्मजीव मात्र अशा ताटलीवर वाढतच नाहीत, म्हणून तलावाचा अभ्यास करणारे पाण्यातला डीएनए थेट वाचतात.

घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील आणि शंका असेल, तर वास असो-नसो, पाणी खळखळून उकळा. उकळताना मातीचा वास जास्त जाणवेल. घाबरू नका, वाफेबरोबर तो बाहेर पडत असतो.