बोगद्यातलं चित्र, बोगद्यासकट

बंद पडलेल्या रेल्वे बोगद्यांतल्या ग्राफिटीचे फोटो मी बरीच वर्षं काढतोय. सुरुवातीचे फोटो मात्र आता बघवत नाहीत. तेव्हा भिंतीसमोर उभं राहायचं, फ्लॅश मारायचा आणि चौकटीत फक्त रंग ठेवायचा, एवढंच करायचो. रूळ, खडी, छतातून झिरपणारं पाणी, विटांवरची काजळी हे सगळं बाहेर. अक्षरं झळझळीत यायची, पण तो फोटो रस्त्याकडेच्या कुठल्याही कंपाउंडचा म्हणून खपला असता.

माझं ठाम मत आहे की बोगदा कापून टाकलात तर चित्राचा अर्धा जीव गेला.

न्यूयॉर्कचा फ्रीडम टनेल घ्या. मॅनहॅटनमधल्या रिव्हरसाइड पार्कखालचा हा बोगदा १९३०च्या दशकातला. मालगाड्या थांबल्यावर बेघर माणसांनी तिथे आसरा घेतला. ख्रिस पेप हा चित्रकार 'फ्रीडम' या नावाने १९८० पासून तिथे रंगवत होता. छतातल्या जाळ्यांमधून उन्हाचे तिरपे झोत खाली येतात, आणि ते जिथे भिंतीवर पडतात तिथेच त्याने मोठी चित्रं काढली. गोळीबाराला सामोऱ्या जाणाऱ्या माणसांचं स्पॅनिश चित्रकार गोयाचं प्रसिद्ध चित्रही त्यात होतं. आता सांगा, तो झोत आणि भोवतालचा काळोख वगळून या चित्राचा फोटो कसा काढणार? पुढे यातली बरीच चित्रं रंगाखाली गेली. उरले ते फोटोच.

म्हणून मी आता फ्लॅश काढतच नाही. समोरून मारलेला उजेड हवेतल्या धुळीवर आणि चकचकीत रंगावर आपटून परत येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) कमी, शटर वीस-तीस सेकंद उघडं, आणि तेवढ्या वेळात टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ घासून फिरवायचा. मग विटांचे सांधे दिसतात, रंगाचे पोपडे दिसतात, एका चित्राखालून डोकावणारं दुसरं चित्र दिसतं. हे सोबत्याशिवाय करायचं नाही. बंद जागेत हवा कोंडलेली असते, पायाखाली उघडे खड्डे असतात.

परवानगीशिवाय आत शिरण्याचं मला अजिबात कौतुक नाही. रुळाचा माथा चकाकत असेल तर तो मार्ग बंद नाहीच, तिथून गाडी जाते. फ्रीडम टनेलमधूनच १९९१ पासून अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या धावतात. तरी 'ओसाड बोगदा' म्हणून लोक तिथले फोटो टाकतात, याचा मला राग येतो. बघून उद्या कुणी पोरगं तिथे जाईल.

जागेचा पत्ता मी लिहीत नाही, त्यावरून मित्र रुसतात. पण न्यूयॉर्कमध्येच १०३ कलाकारांनी कधीच न वापरलेल्या एका भुयारी स्टेशनात गुपचूप चित्रं काढली होती. २०१० मध्ये ते जाहीर झालं आणि आत घुसू पाहणाऱ्या लोकांना अटक होऊ लागली. आत कुणी राहत असेल तर ते त्याचं घर आहे. त्याला विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

एका भिंतीकडे मी दरवर्षी जातो, ट्रायपॉड रुळाखालच्या त्याच स्लीपरवर ठेवतो. पहिल्या वर्षी तिथे पंख पसरलेला निळा पक्षी होता. यंदा त्यावर चंदेरी अक्षरं आहेत आणि कोपऱ्यात, ओल आलेल्या जागी, फक्त चोच उरली आहे. रुळासकट तीही टिपून आणली.